चाळीपुढचा कठडा

गिरणीच्या अंगाला, फुटपाथाच्या कडेनं, लोखंडी खांब पुरले गेले आणि त्यांच्यावर पाट्या लागल्या: ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ नारळवाल्या चाळीतल्या लोकांनी त्या वाचल्या आणि सोडून दिल्या. चाळीत वाहन एकच होतं, दौलतची हातगाडी, आणि ती बोळात भिंतीला टेकून उभी असायची. वाहनं कुठं उभी करावीत न् कुठं करू नयेत हे रहदारी कमिटीनं ठरवावं, आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

पण पाटी लावली म्हणून मोटार नाहीशी होत नाही. ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते. गिरणीच्या कापडविक्रीच्या ऑफिसात येणारे दलाल, व्यापारी, त्यांचे मुनीम, सगळ्यांच्या मोटारी दुसऱ्याच दिवसापासून चाळीच्या तोंडापुढं येऊन लागल्या. एकीला एक चिकटून. गिरणीच्या साहेबाची गाडी फाटकातून सरळ आत वळावी, तिला वाटेत कुठं खरचटू नये, म्हणून हा सगळा खटाटोप होता. कुणी तसं बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं. साहेबाच्या गाडीला वाट मिळाली आणि चाळीतल्या माणसांची गेली.

रखमाची खाणावळ तळमजल्यावर, बोळाच्या तोंडाशीच होती. कोकणातून आलेले, बायकापोरं गावाला ठेवलेले गिरणीकामगार वरच्या खोल्यांत पथाऱ्या टाकत आणि पोटापुरते रखमाकडे येत. पहिल्या भोंग्याआधी तिची चूल पेटायची. भाकऱ्या थापून थापून तिच्या मनगटाला गाठ आली होती आणि धुरानं डोळे कायम लालसर. तिचा नवरा बुधाजी समोरच्याच गिरणीत साचेवाला, मागावरचा कामगार. मोर्चात लाठी खाल्ल्यापासून त्याचा डावा कोपर सरळ होत नसे, तरी तो दोन साचे चालवायचा. आणि बुधाजीची बहीण अंबिका. तिचा नवरा होडीबरोबर खाडीत गेला आणि ती भावाकडे मुंबईला आली. आली त्या दिवशी तिनं पदर खोचला तो खोचलाच.

दुपारच्या सुट्टीचे डबे अंबिका न्यायची. डब्यांनी भरलेली पाटी चुंबळीवर बसली की ती दोन्ही हात सोडून चालू लागे. मान ताठ, नजर समोर, आणि आमटीचा थेंब हलत नसे. आता डोक्यावर ओझं असलेल्या बाईला नुसती मान वळवून इकडं तिकडं बघता येत नाही. तिला सगळं अंग वळवावं लागतं. हे ज्यानं कधी डोक्यावर काही वाहिलं नाही त्याला सांगूनही कळायचं नाही, आणि कमिटीवर बसलेल्या एकानंही कधी काही वाहिलेलं नव्हतं. दोन मोटारींच्या बंपरांमध्ये जेमतेम एक बाई आडवी शिरेल एवढी फट. त्यात अंग वळवायचं कुठून? अंबिका फटीतून बाहेर पडे ती आंधळ्यासारखी, कानांवर भिस्त ठेवून.

एक दिवस कानांनी दगा दिला. ट्रामच्या खडखडाटात मोटारीचा आवाज बुडाला. अंबिका फटीतून बाहेर आली आणि एक हिरवी मोटार करकचून थांबली ती तिच्या पोटाला चाटून. अंबिका वाचली, पण पाटी गेली. भात, भाकऱ्या, बांगड्याचं तिखलं, सगळं मोटारीच्या नाकाडावर आणि रस्त्यावर.

मागं बसलेल्या शेटनं काच खाली केली. त्यानं अंबिकेकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाला, “मच्छी का बास आएगा. साफ कराव उससे.”

ड्रायव्हर उतरला. “ए बाई, पुस ते.”

अंबिका खाली वाकली. तिनं डब्यांवर झाकलेलं फडकं घेतलं आणि तिखल्याचा लाल रस्सा मोटारीवरून पुसून काढला. ड्रायव्हर बोट दाखवत राहिला, इथं राहिलं, तिथं राहिलं. तिनं तेही पुसलं. पलीकडे फाटकाशी डब्यांची वाट बघत उभे असलेले कामगार गजांतून हे बघत होते आणि दरवान त्यांना सुट्टीतही बाहेर सोडत नव्हता. त्या दिवशी ते सगळे नळाचं पाणी पिऊन साच्यावर परत गेले.

“तू पुसलंस कशाक गो?” अंबिका घरी आल्यावर रखमा ओरडली. “त्येच्या तोंडार मारूचा होता ता फडका!”

“माजे पाय कापत होते, वैनी,” अंबिका म्हणाली. “माका कळाकच नाय मी काय करतंय ता.”

रखमानं पुढं काही विचारलं नाही. तिनं फडकं चुलीत घातलं आणि संध्याकाळी चाळीतल्या बायका गोळा करून कमलाकांत डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

कमलाकांत डॉक्टर म्हणजे वॉर्डाचे नगरपिता. घराणं ठाकूरद्वारचं, जुनं, वाडीत स्वतःचं देऊळ असलेलं. दवाखाना मात्र इथं नाक्यावर, दोन पायऱ्या चढून, दोन दगडी खांबांच्या ओट्यावर. निवडणुकीत याच बायकांनी घरोघरी जाऊन त्यांच्यासाठी मतं मागितली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात डॉक्टर पहिल्या रांगेत असायचे. लाठी सुरू झाल्यावर ते कुठल्या रांगेत असायचे हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण बुधाजीसारखे लोक तेव्हा आपापली डोकी धरून पळत होते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बोलणं गोड, भाषा शुद्ध. “अगदी बरोबर आहे तुमचं. अहो, येणारं राज्य तुमचंच आहे. रस्ता तुमचा नसून कुणाचा? चाळीसमोर पांढऱ्या पट्ट्यांचं क्रॉसिंग हवं. मी स्वतः कमिटीत मांडतो.”

“क्रॉसिंग म्हणजे काय वो?” रखमानं विचारलं.

“रस्त्यावर पांढरे पट्टे रंगवतात. त्यावर माणूस आला की मोटारीनं थांबायचं. आणि पट्ट्यांच्या आड कुणाला गाडी उभी करता यायची नाही. कायदाच आहे तसा.”

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मोटार थांबणार, आणि तीही आपल्यासाठी? परतताना रस्त्यावर त्या मोठमोठ्यानं हसत होत्या.

आणि खरंच क्रॉसिंग मंजूर झालं. निरोप आला की अमुक दिवशी सकाळी पट्टे रंगवणार, डॉक्टर स्वतः नारळ फोडणार.

आता शुभकार्य म्हटल्यावर काय करायचं हे नारळवाल्या चाळीतल्या बायकांना कुणी सांगायला नको होतं. उजाडताच त्या मागच्या तबेल्यातून म्हशींचं ताजं शेण घेऊन आल्या. मोटारी अजून यायच्या होत्या. रखमानं बादलीत शेण कालवलं आणि फुटपाथापासून फुटपाथापर्यंत, जिथं पट्टे यायचे होते तिथं, हातानं सारखा सडा घातला. दुसऱ्या बायकांनी खराट्यानं तो पसरला. डांबराचा काळा रस्ता गावच्या खळ्यासारखा हिरवट, गुळगुळीत दिसू लागला. अंबिकेनं कडेला रांगोळी काढली. गिरणीत जाणारे कामगार चपला हातात घेऊन त्यावरून गेले, पावलं उठू नयेत म्हणून. मुंबईत आल्यापासून त्या रस्त्यावर कुणालाही इतकं आपलं वाटलं नव्हतं.

रंगारी आले. त्यांच्या मुकादमानं रस्ता बघून कपाळाला हात लावला. “बाई, हे काय केलंत? याच्यावर रंग धरंल का?”

“सडा हाय. चांगल्या कामाला घालतात,” रखमा म्हणाली.

“धुऊन काढावं लागंल. वाळायला दुपार होईल.”

तेवढ्यात डॉक्टर आले, बरोबर फोटोवाला. मुकादमानं त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी बुटाचं टोक जमिनीवर घासून बघितलं. “कोरडं तर झालंय हो. मला सभेला जायचंय, लोक जमलेत. लावा, लावा. काही होत नाही.”

मुकादमानं दोरी धरली आणि पट्टे ओढले. नारळ फुटला, फोटो निघाला. रंग सुकल्यावर पहिला मान अंबिकेला मिळाला. भरली पाटी डोक्यावर घेऊन ती पट्ट्यांवर उतरली आणि समोरून येणारी एक अख्खी बस थांबली. कंडक्टर दारातून डोकं बाहेर काढून बघत होता. अंबिका घाईनं गेली नाही. सावकाश, एकेका पट्ट्यावर पाऊल टाकत गेली, आणि फाटकातल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी डबे गरम पोचले.

ते सुख फार टिकलं नाही. गिरणीच्या गाठी वाहणाऱ्या लॉऱ्या पट्ट्यांवरून गेल्या आणि खालच्या शेणासकट रंगाचे पापुद्रे सुटले. आधी कडा उचलल्या, मग मधून भगदाडं पडली. बायका ते पापुद्रे खराट्यानं गोळा करायच्या आणि हळहळायच्या. पट्टे पुसट झाले तशी पहिली मोटार हळूच आडवी येऊन उभी राहिली, मग दुसरी. मोटारवाल्याला रस्त्यावर काय दिसत नाही ते बरोबर दिसतं. मोकळी झालेली वाट पुन्हा बुजली.

रखमा पुन्हा दवाखान्यात गेली. या वेळी डॉक्टरांनी तिला बाकावर बसवून ठेवलं, सगळे पेशंट संपेपर्यंत.

“अहो बाई, रंग वर्षातून एकदाच मिळतो. एका क्रॉसिंगसाठी मी कितीदा भांडू? आणि शेण टाकायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कमिटीत हसले मला लोक.”

“तुमीच म्हटलात ना, लावा लावा म्हणून? मुकादम तर थांबा म्हणत होता.”

डॉक्टरांचा चेहरा बदलला. “मी डॉक्टर आहे, रंगारी नाही. चुका तुम्ही करायच्या आणि दोष आमच्यावर ढकलायचा, हे बरं नव्हे. या आता.”

कंपाउंडर अप्पानं दार उघडून धरलं. रखमा बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आपण श्रद्धेनं सडा घातला, तो या माणसाच्या तोंडी शिवीसारखा आला, हे तिला सोसवत नव्हतं. घरी येऊन तिनं भाकरीचं पीठ असं मळलं की परात चुलीपर्यंत सरकली.

मग व्हायचं ते झालं. भर दुपारी, सुट्टीचा भोंगा वाजत असताना, अंबिका फटीतून बाहेर आली. पुसट पट्ट्यांवरच तिचं पाऊल होतं. पिवळ्या टपाची एक टॅक्सी तिच्यासाठी थांबली, पण तिच्या मागून एक मोटार घाईनं बाजूनं निघाली आणि अंबिकेचा उजवा पाय गुडघ्याखाली चाकाच्या आणि उभ्या मोटारीच्या बंपरच्या मध्ये सापडला. हाडाचा आवाज बोळातल्या बायकांनी ऐकला. अंबिका ओरडली नाही. तिचे दोन्ही हात वर गेले, पाटी सावरायला, आणि पाटी घेऊनच ती बसल्यासारखी खाली आली. तिला उचललं तेव्हाही एका हातानं तिनं एक डबा घट्ट धरलेला होता.

हवालदार आला. मोटारवाला त्याच्याशी इंग्रजी बोलत होता. हवालदारानं रस्त्याकडे बघितलं. “क्रॉसिंग कुठाय हितं? बाई मोटारींच्या मधून आली. त्यांची काय चूक?”

रखमा रस्त्यावर वाकली. डांबराला चिकटून राहिलेला नखाएवढा पांढरा तुकडा तिनं खरवडून काढला आणि त्याच्यासमोर धरला. “ह्ये काय हाय मग? ह्ये बघा! ह्ये क्रॉसिंग!”

“असले पापुद्रे धरून केस होत नसते बाई. सरका, रस्ता मोकळा करा.”

अंबिकेचा पाय वाचला, पण सरळ झाला नाही. इस्पितळात ती प्लास्टरमध्ये पडून राहिली. चालणं हीच तिची सगळी कमाई होती. रखमा तिला भात भरवायला जायची तेव्हा ती छताकडे बघत एकच विचारायची, “वैनी, डबे कोण नेता?”

“मी नेतंय. तू जेव.”

“मान दुखता काय गो तुजी?”

मान दुखत होतीच. पण रखमा खोटं बोलून मोकळी व्हायची.

या अपघातानंतर कमिटीनं मात्र तातडीनं निर्णय घेतला. तो सांगायला कमलाकांत डॉक्टर स्वतः चाळीपाशी आले. बोळात शिरले नाहीत, तोंडाशीच उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. चाळकरी जमले. बुधाजी नुकताच पाळी संपवून आला होता, केसांत कापसाचे तंतू होते.

“यापुढं असं घडू नये म्हणून आम्ही पक्की व्यवस्था केली आहे,” डॉक्टर म्हणाले. “चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपाथाला लोखंडी कठडा. म्हणजे कुणी मधूनच रस्त्यावर उतरायलाच नको. पुढच्या चौकात थेटरापाशी पक्कं क्रॉसिंग आहे, पोलीसही असतो. तिथून जा-ये करायची.”

“थेटराकडनं?” रखमा पुढं झाली. “अवो, फाटक समोर दिसतंय! तिकडं जाऊन परत गिरणीपर्यंत यायचं? सुट्टी तेवढ्यात संपती.”

“थोडा वळसा पडेल, एवढंच.”

“त्यापेक्षा या मोटारी हलवा ना. पलीकडं पाट्या लावल्यात, तशा इकडं लावा.”

डॉक्टर हसले, अडाणी माणसाला समजावताना हसतात तसे. “मग व्यापाऱ्यांनी मोटारी उभ्या कुठं करायच्या? त्यांनी का लांबून चालत यायचं?”

आपण काय बोलून गेलो हे डॉक्टरांच्या लक्षातही आलं नव्हतं. ज्यांच्याकडे चार चाकं आहेत त्यांना चालायला लावायचं नाही, आणि जिच्या डोक्यावर वीस माणसांचं जेवण आहे तिला वळसा घालायला लावायचा, हा न्याय त्यांना सरळ वाटत होता. बुधाजीनं वाकडा कोपर दुसऱ्या हातात घट्ट धरला. तो म्हणाला, “डॉक्टर, माझी बहीण इस्पितळात हाय.”

“म्हणूनच तर कठडा,” डॉक्टर म्हणाले आणि वळले.

कठडा झाला. फुटपाथाच्या कडेला लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये नळीच्या चौकटी, नटबोल्टांनी आवळलेल्या. पलीकडे मोटारी तशाच उभ्या. दौलतची हातगाडी आत अडकली. तिला फुटपाथावरून, लोकांच्या शिव्या खात, थेटरापर्यंत ओढत न्यावी लागे. रखमा पाटी डोक्यावर घेऊन तोच वळसा घाली. थेटरापाशी सकाळचा खेळ सुटल्याची गर्दी, तिथं पोलीस हात करीपर्यंत थांबायचं, मग गिरणीच्या भिंतीच्या कडेनं उन्हात मागं यायचं. पाटीच्या भारानं मानेची शीर टरटरायची. फाटकाशी पोचेपर्यंत सुट्टीची निम्मी वेळ गेलेली असायची. कामगार उभ्यानं चार घास कोंबायचे आणि डबे अर्धे भरलेले परत द्यायचे. परतीला तेच ओझं, गार झालेलं.

“उद्यापासून सुका काय ता दी,” एकजण ओशाळून म्हणाला. “चणे, पाव. तुझे हाल बघवत नाय.”

“माजी दया नको,” रखमा फणकारली. “गप जेव.”

काही जण तरीही फाटकाच्या आतल्या उडप्याच्या कँटीनात जाऊ लागले. रखमानं त्यांना बोल लावला नाही. रोज आपल्या दारातून समोरचं फाटक बघायचं आणि त्याच्याकडे पाठ फिरवून चालायला लागायचं, याचा तिला जास्त संताप येत होता. कधी कधी ती पाटी घेऊन कठड्याशी उभी राहायची आणि नळी हातानं हलवून बघायची. नळी हलत नसे.

अंबिकेला घरी सोडलं तो दिवस शनिवार होता. रखमा आणि बुधाजी तिला टॅक्सीतून घेऊन आले. चाळीच्या बाजूला टॅक्सी थांबायला जागा नव्हती, मोटारी होत्या. टॅक्सीवाल्यानं गिरणीच्या बाजूला गाडी घेतली तर हवालदार शिट्टी वाजवत धावला. “हितं थांबायचं नाय! पाटी दिसत नाय?” अंबिकेला घाईघाईनं उतरवावं लागलं. टॅक्सी गेली. अंबिका कुबड्यांवर फुटपाथाशी उभी राहिली, घामानं थबथबलेली, आणि समोर तिचं घर दिसत होतं.

“थेटराकडनं जा,” हवालदार म्हणाला.

अंबिकेनं थेटराच्या दिशेनं बघितलं. मग तिनं पहिली कुबडी रस्त्यावर टेकली.

भोंगा झाला होता. पहिली पाळी फाटकातून बाहेर पडत होती. कामगारांनी तिला बघितलं आणि कुणी काही न सांगता रस्त्यात उतरून दोन्ही बाजूंना हात पसरून उभे राहिले. मोटारी थांबल्या, हॉर्न वाजवू लागल्या. एक ट्रामही थांबली. अंबिका एक पाय, दोन काठ्या अशी रस्ता कापत आली. पलीकडे दोन मोटारींच्या फटीत कुबड्या मावेनात. चारजणांनी एका मोटारीचा बंपर धरला, अंगातला सगळा जोर लावला आणि तिचं मागचं अंग उचलून बाजूला ठेवलं. अंबिका फटीतून आली आणि कठड्यापुढं थांबली. कठड्याच्या पलीकडे चाळीतल्या बायका रडत होत्या.

“उचला रे तिका, वरसून घेव या,” दौलत म्हणाला. दोघंतिघं पुढं झाले.

“हात लावू नकात!”

अंबिकेचा आवाज एवढा मोठा कुणी कधी ऐकला नव्हता. “इतके दिस माका सगळ्यांनी उचलून उचलून ठेवल्यानी. माज्या घरात मी उचलून जावचंय नाय. चलत जातलंय. ह्या काढा.”

पुढं झालेले हात मागं गेले. मग बुधाजी म्हणाला, “शिवा, पाना काढ.”

शिवा गिरणीत फिटर. त्याच्या खिशात पाना कायमच असायचा. गिरणीतल्या माणसाला नट उलटा फिरवायला कुणी शिकवावं लागत नाही. पहिला नट गंजला होता, तो किंचाळत सुटला. बुधाजीचा वाकडा कोपर दुखत होता तरी त्यानं नळी खांद्यावर पेलून धरली. हवालदार रस्ता ओलांडून धावत आला.

“ए! सरकारी माल हाय तो! आत टाकीन एकेकाला!”

“टाका,” रखमा त्याच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. “आधी मला टाका. पाय मोडला तवा तुमाला पट्टे दिसले नाय, आता कठडा बरा दिसतो?”

हवालदारानं समोरची गर्दी बघितली आणि माणसं आणायला म्हणून चौकीकडे चालू पडला. शेवटचा नट निघाला. चौकट खाली आली. अंबिका त्या मोकळ्या जागेतून फुटपाथावर चढली, बोळात गेली, उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागितलं. तांब्याभर पाणी ती एका दमात प्याली.

बाहेर चौकट रस्त्यावर पडली होती. “हिचा आता काय करूचा?” दौलतनं विचारलं.

रखमानं पदरानं तोंड पुसलं. “जेणा आणलो त्येका परत देव या. घाल गाडीर.”

दौलतची हातगाडी इतक्या दिवसांनी सरळ रस्त्यावर उतरली. चौकट तिच्यावर आडवी घातली. “मीव येतंय,” अंबिका उंबऱ्यावरून म्हणाली. सगळ्यांनी नको म्हटलं, तरी ती उठलीच. नाका जवळच होता, पण हातगाडी तिच्या चालीनं चालली, ती थांबली की थांबली, आणि मागून अख्खी चाळ आणि निम्मी पाळी.

दवाखान्याच्या ओट्यावर संध्याकाळचे पेशंट येऊन बसले होते. डॉक्टर अजून यायचे होते. दोन दगडी खांबांच्या मधोमध, पायऱ्यांच्या वर, शिवा आणि बुधाजीनं चौकट उभी केली. खांबांना क्लॅम्प बसेनात, म्हणून दौलतनं आपला काथ्याचा दोर सोडला आणि गाठींवर गाठी मारल्या. कंपाउंडर अप्पा आतून ओरडत आला.

“अरे, हे काय? पेशंट कसे येणार?”

“पेशंट आमचेच हत,” रखमा म्हणाली. “आमी त्येंका आत घेव. तुमी काळजी करू नकात.”

आणि त्यांनी घेतलंही. तापानं फणफणलेलं एक पोर त्यांनी नळीवरून अलगद आत दिलं. त्याच्या आईला वाकून खालून जायला जागा करून दिली.

डॉक्टरांची मोटार आली. ते उतरले, बॅग हातात, आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबले. कठडा त्यांच्या छातीइतका होता. कठड्याला पाठ टेकून वरच्या पायरीवर कुबड्या मांडीवर घेऊन अंबिका बसली होती.

“हा काय प्रकार आहे?” डॉक्टर म्हणाले. “कुणी केलं हे? बुधाजी, मी तुम्हाला शहाणा समजत होतो. सोडा तो दोर.”

बुधाजीनं दोराला हात लावला नाही. कुणीच लावला नाही.

“कठडो आसा, डॉक्टर,” अंबिका म्हणाली. “तुमका अपघात होव नये म्हणान.”

“अगं, पण मी आत कसा जाणार?”

“मागच्या घरगल्लीतसून. थोडो वळसो पडतलो, इतक्याच.”

घरगल्लीत वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचं पाणी उघड्यावर पडायचं. तिथं माशांची खवलं, राख, शेवाळ आणि घोट्याएवढं काळं पाणी कायमचं. डॉक्टरांनी एकदा कठड्याकडे बघितलं, एकदा गर्दीकडे. लोक बाजूला झाले, पण फक्त गल्लीच्या बाजूला. आत ते पोर खोकत होतं. डॉक्टरांनी बॅग काखेत धरली, पांढऱ्या विजारीचे दोन्ही पाय चिमटीत उचलले आणि गल्लीत शिरले. कुणी हसलं नाही. हसण्यापलीकडे गेलेली माणसं होती ती.

मागचं दार वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. थोड्या वेळानं तिकडून थापा ऐकू येऊ लागल्या. “अप्पा, अरे उघड! अप्पा!” अप्पा आत कडीशी झोंबत होता आणि कडी गंजलेली होती.

रखमानं थोडा वेळ ते ऐकलं. मग तिनं अंबिकेला न धरता नुसता हात पुढं केला, हवा असेल तर धर म्हणून.

“चल गो,” ती म्हणाली. “दुसऱ्या पाळीचो भात टाकूचो आसा.”